येतंय गो, साळू

माझी सून मेघा कॉम्प्युटरवर लोकांचे असले भुताखेतांचे अनुभव वाचते आणि भाजी चिरताना मला वाचून दाखवते. मी ऐकते, आणि मनात म्हणते, दमलं असेल बिचारं. दमलेल्या माणसाला काहीही दिसतं, काहीही ऐकू येतं. आमच्या गावी, देवगडच्या बाजूला खाडीकाठी, प्रत्येक वळणावर कोणाला ना कोणाला देवचार भेटलेला आहे. मी त्याच वळणांवरून पाण्याचे हंडे वाहिले. मला कधी कोणी भेटलं नाही. भेटलं असतं तर म्हटलं असतं, बाबा रे, जरा हंडा धर.

तेव्हा विश्वासाचं माझ्याकडून काही नाही. घडलं तेवढं लिहितेय, माझ्यापुरतं. मेघा म्हणते, "आई, लिहून द्या, मी टाइप करून टाकते." देईन की नाही, माहीत नाही. चार माणसांत बोलायला मला पहिल्यापासून जमत नाही, लिहिताना निदान कोणी तोंडाकडे बघत नाही.

गोष्ट २००५ सालची, न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेची. नातू झाला म्हणून मुलगा प्रशांतनं मला सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं होतं. विटांची दुमजली अपार्टमेंट्स, समोर पार्किंग, पाठीमागे गवताचा तुकडा. हिवाळ्यात त्या गवतावर बर्फ पडून मळका झालेला. फोडणी जरा जास्त तापली की छतावरचा अलार्म बोंबलायचा, मग मी टॉवेल घेऊन त्याला वारा घालायची. मेघाची रजा संपली, तीही कामावर जाऊ लागली. दिवसभर मी आणि बाळ. बाळाला दात येत होते. रात्री झोप नाही, दिवसा पाठ टेकायला नाही.

शेजारच्या तळमजल्याच्या घरात लिंडा राहायची, आणि तिचे वडील वॉल्टर. लिंडा शाळेची पिवळी बस चालवायची. माझ्यापेक्षा थोडी लहान असेल, धिप्पाड, आणि हसली की भिंती हलायच्या. एकदा बाळाला ताप चढला, प्रशांत ऑफिसात, तेव्हा तिनं आम्हाला स्वतःच्या गाडीत घालून डॉक्टरकडे नेलं. तेव्हापासून मेघा तिची मैत्रीण झाली. वॉल्टरला आदल्या वर्षी झटका आला होता. उजवा हात लुळा, तोंड एका बाजूला ओढलेलं, बोलणं गेलेलं. "या" म्हणजे हो, आणि "नो", एवढेच दोन शब्द उरले होते, तेही उलटसुलट लागायचे. सकाळी एक नर्स यायची, ती दोनला निघायची. लिंडा बस सोडून चारला यायची. मधले दोन तास म्हातारा एकटा.

मेघानं विचारलं, "आई, बाळाला घेऊन तिथं बसाल का थोडा वेळ? तुम्हालाही जरा चेंज."

चेंज कसला. पण बसू लागले. दोघांनाही बोलायचं नव्हतं, त्यामुळे मला ते घर आवडलं. वॉल्टर काचेच्या दारापाशी खुर्चीत बसायचा. बाळ गाडीत झोपायचं. मी टेबलावर मेथी निवडायची. एकदा त्यानं डाव्या हातानं एक काडी उचलली आणि पानं खुडायला लागला. पानं खाली टाकायचा आणि काड्या ढिगात ठेवायचा. मी त्याला करू द्यायची. तो उठून गेल्यावर परत निवडायची.

एकच सवय होती त्याची. वरून विमान गेलं — आणि तिथं नेवार्क विमानतळाची विमानं सारखी जातात — की तो मान वर करायचा. विमान दिसेनासं होईपर्यंत खाली करायचा नाही. मला वाटायचं, पोरासारखी हौस आहे.

निघताना मी म्हणायची, "येते हं." तो डावा हात जरा उचलायचा. रोज एवढंच.

आता माझ्या आईचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझे वडील बोटीवर खलाशी होते. आमच्या भागातले पुष्कळ लोक तेव्हा साहेबाच्या मालबोटींवर असायचे. मोठं युद्ध सुरू होतं. शत्रू पाण्याखालून बोटी फोडायचा, म्हणून मालाच्या बोटी एकेकट्या जात नसत, तांडा करून जायच्या. हे सगळं मला नंतर कळलं. आईला एवढंच माहीत होतं की नवरा "बोटीर" गेला. ती सतरा वर्षांची, मी पोटात. धक्क्यावर सासू, दीर, सगळं गाव. त्या काळी नवराबायकोनं सगळ्यांदेखत बोलायचं नाही. पडाव, म्हणजे बोटीपर्यंत नेणारी होडी, सुटला, आणि वडील वळून म्हणाले — "जातंय."

आपल्यात कोणी जातो म्हणत नाही. ओसरीवरून चुलीपर्यंत गेलं तरी येतो म्हणायचं. आणि हा माणूस समुद्रावर निघाला आणि "जातंय" म्हणाला. घाईत तोंडातून सुटलं असेल. आजी तिथंच ओरडली, "जिभेक हाड नाय तुझ्या! येतंय म्हण!" पण पडाव लांब गेला होता, वारा उलटा. त्याला ऐकू आलं की नाही, कोण जाणे.

पुढे कंपनीकडून निरोप आला, बोट बुडाली, माणूस बेपत्ता. मेला असं कोणी म्हटलं नाही. आईनं कुंकू पुसलं नाही. दिवस घातले नाहीत. लोक म्हणाले, हिचं डोकं फिरलं. हळदीकुंकवाला कोणी बोलवायचे, कोणी दार लावून घ्यायचे. आईचं एकच उत्तर: "बोललेलो शब्द परत घेऊक तरी येतलो." नवऱ्यासाठी नाही, त्या शब्दासाठी वाट बघत होती असं मला कधीकधी वाटायचं. मला शाळेला जातानासुद्धा "जाते" म्हणू द्यायची नाही. चौथीनंतर शाळाच सुटली, तो प्रश्न मिटला.

त्या फेब्रुवारीत आई अंथरुणाला खिळली होती. चुलतभाऊ भिकाजी आणि सुमनवहिनी तिचं करत होते. त्या दिवशी सकाळी वहिनीचा फोन आला.

"काकी चमच्यानं पाणी घेते, बस. डोळे दाराकडे. जीव अडकलाय हो तिचा." मग म्हणाली, "रागावू नका, पण लोक विचारतात. गेल्यावर काय करायचं? हिरवी साडी नेसवून, ओटी भरून सवाष्ण म्हणून न्यायची, की... तुम्ही लेक, तुम्ही सांगा."

मी काय सांगणार? बापाचं तोंड न बघितलेली लेक. तिकीट एप्रिलचं. बाळाला कोणाकडे टाकून जाऊ? "कळवते" म्हटलं आणि फोन ठेवला. रडायलाही ताकद नव्हती. बाळ खांद्यावर रडत होतं, त्यातच माझंही झालं.

दुपारी वॉल्टरकडे बसले. मेथीसुद्धा नेली नव्हती. चारच्या सुमाराला बाहेर लिंडाच्या गाडीचं दार वाजलं. मी बाळाला उचललं, आणि म्हटलं, "जाते हं."

बोलले आणि जीभ चावली. साठ वर्षांच्या जन्मात पहिल्यांदा. दुरुस्त करणार, तेवढ्यात वॉल्टरनं माझ्या स्वेटरची बाही धरली. डाव्या हातानं, घट्ट. आणि म्हणाला,

"जातंय नाय गो... येतंय. येतंय गो, साळू."

आवाज त्याचाच, घोगरा. पण तोंड वाकडं झालं नाही. शब्द अडखळले नाहीत. आणि गोरा माणूस मराठी बोलतो तसं नाही — आमच्या खाडीकाठचे लोक "गो" जसा ओढतात ना, तसाच ओढला. मी तिथं उभी. 

लिंडा दारात होती. हातातली पिशवी तशीच. "डॅड? डॅड बोलला? काय म्हणाला? मामा, व्हॉट डिड ही से?" मला ती मामा म्हणायची, आई या अर्थानं.

मला इंग्लिश कुठलं येतंय. "गुड," म्हटलं. "ही... गुड." आणि घरी पळून आले. वॉल्टर तोवर परत काचेकडे बघत होता.

रात्री जेवताना सांगितलं. प्रशांत हसला नाही, पण समजूत घालायच्या सुरात म्हणाला, "आई, लॉजिकली बघ. तू रोज त्याला 'येते' म्हणतेस. त्यानं ऐकून ऐकून रिपीट केलं. स्ट्रोकच्या पेशंटचं होतं असं."

"मी 'येते' म्हणते रे. तो 'येतंय' म्हणाला. तुमच्या घरात मी मालवणी बोलते कधी? मेघाला कळत नाही म्हणून तोंडाला कुलूप लावलंय."

"झोपेत बोलता तुम्ही," मेघा म्हणाली. "पण शेजारी ऐकू जाण्याइतकं नाही हं."

"आणि साळू कोण?" प्रशांतनं विचारलं.

ते मलाच माहीत नव्हतं. आमच्या घरात साळू नावाचं कोणी नाही. आईचं नाव द्वारका.

शनिवारी संध्याकाळी, म्हणजे गावी रविवारची सकाळ, फोनकार्ड वापरून फोन लावला. वहिनीला म्हटलं, आईच्या कानाला लाव, बोलली नाही तरी चालेल. हिरव्या साडीचं काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं. दुसरं काय बोलावं सुचेना, म्हणून शेजारचा म्हातारा काय बोलला ते सांगितलं. "आये, साळू कोण गे?"

 

मग आई बोलली. कित्येक दिवसांत जी बोलली नव्हती, ती स्पष्ट बोलली. "ह्यां नाव तुका कोणी सांगल्यान?"

"त्या म्हाताऱ्यान."

"ह्यां नाव कोणाक ठावक नाय. तुझ्या आजयेकय ठावक नव्हता." श्वास घेतला. "दिवसभर मी गप. रातीक एकदा बोलूक लागलंय की थांबा नाय. म्हणून ते माका साळू म्हणत. साळुंकी. दार लावन. हळूच."

वडिलांना "ते" म्हणताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं. नाहीतर "तुझो बापूस."

"काय म्हणालो तो? परत सांग."

मी सांगितलं. जसंच्या तसं. तिनं परत सांगायला लावलं. मध्येच कार्डातली बाई इंग्लिशमध्ये बोलली, मिनिटं संपत आली म्हणून.

"येतंय म्हणालो मां?" आई म्हणाली. "मग झाला. शब्द परत घेतल्यान. दमलंय गो बाय... आता पुरे." आणि मग, अगदी सहज, विहिरीवर निघाल्यासारखं म्हणाली, "आता मी जातंय."

मी "आये, जातंय म्हणू नको" असं म्हणेपर्यंत फोन कट झाला होता.

दुसऱ्या दिवशी लिंडा आली. मेघा घरी होती. लिंडा दाराशी उभी राहून म्हणाली की, तिला झोप नाही, वडील काय बोलले ते तिला कळलंच पाहिजे. मेघा दुभाषी झाली. आधी लिंडानं तिच्या बाजूचं सांगितलं, ते असं:

वॉल्टर तरुणपणी मालबोटीवर होता. युद्धात अटलांटिक ओलांडून माल न्यायचा. दिवसा शत्रूची विमानं शोधत यायची. एक दिसलं की समजायचं, आता बाकीची येणार, आणि अंधार पडला की पाण्याखालच्या बोटी. म्हणून तो अजून वर बघतो. मी हौस समजत होते! एके संध्याकाळी शेजारच्या ओळीतली बोट फुटली. माणसं पाण्यात. पण तांड्याचा नियम असा, की मालाच्या बोटीनं थांबायचं नाही. थांबली तर तीही जाणार. ज्याला उचलायची जबाबदारी असेल तो मागून उचलेल, उचलला तर. वॉल्टर कठड्याला उभा होता. त्यांची बोट त्या माणसांच्या मधून गेली. अंगातल्या जॅकेटांना बारीक लाल दिवे, आणि त्या दिव्यांखालून माणसं ओरडत होती. एक तर अगदी कठड्याखाली होता. ती भाषा इंग्लिश नव्हती, एवढंच त्याला कळलं. बोटीचं नाव माहीत नाही, माणसं कुठली माहीत नाही.

"आयुष्यभर डॅड एकच म्हणायचा," लिंडा म्हणाली. "ते आम्हाला शिव्या देत होते, शाप देत होते. आणि बरोबरच होतं त्यांचं."

मेघा माझ्याकडे बघायला लागली. तिचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "सांग तिला, काय म्हणाला ते."

मेघानं सांगितलं. आमच्यात निघताना 'मी जातो' म्हणत नाहीत. 'मी येतो' म्हणतात. तो म्हणाला, मी येतो. कोणाचं तरी लाडकं नाव घेतलं, आणि म्हणाला, मी येतो.

"शिवी नाही?" लिंडानं विचारलं.

"नाही."

"शुअर?"

मेघानं मला विचारलं, "आई, शुअर का?"

"तिला म्हणावं, आपल्याकडे शिव्या लय आहेत, मला सगळ्या येतात. ही त्यातली नाही."

लिंडा हसायला गेली आणि आमच्या किचनच्या लादीवर तशीच खाली बसली. भिंतीला टेकून, धिप्पाड बाई, पोरीसारखी रडली. मी चहा ठेवला. आलं जास्त पडलं, तिनं तरी सगळा प्यायला. मग घरी जाऊन वडिलांच्या कानाशी वाकून सांगितलं म्हणे. त्याला कळलं की नाही कोण जाणे. विमानाकडे मात्र तो बघतच राहिला, ते काही थांबलं नाही.

दोन दिवसांनी वहिनीचा फोन. आवाज चिडलेला, आणि घाबरलेला.

"काय सांगितलंत हो तुम्ही काकीला?"

फोन ठेवल्यावर आईनं पाणी मागितलं होतं. पदराचं टोक ओलं केलं आणि स्वतःच्या हातानं कुंकू पुसलं. वहिनी "काकी, काकी" करत हात धरायला गेली, तर म्हणाली, "सोड. साठ वर्सां ह्यां कपाळ सांभाळलंय." मग गळ्यातलं काढायला लावलं. भिकाजीला म्हणाली, ओहोटी लागली की खाडीच्या तोंडाशी सोड, बाहेर जाऊ दे. तो ऐकेना, तर तो उठून निघेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली. तो आल्यावर वाटीभर पेज खाल्ली, आंब्याच्या लोणच्याची फोड चोखली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. दाराकडे नाही. भिंतीकडे.

"सगळा जन्म सवाष्ण राहिली, आणि आता शेवटी हे! लोक काय म्हणत असतील?"

मला वाटलं होतं, वडिलांचा निरोप मिळाला तर ती हिरव्या साडीत, मानानं जाईल. तिनं उलटंच केलं. तेव्हा मला राग आला. आता नाही येत. कुंकू होतं तोवर वाट बघणं होतं. ती वाट तिला खाली ठेवायची होती, हंडा ठेवतात तशी.

त्याच आठवड्यात ती गेली, दुपारी, झोपेत. वहिनीनं पांढरी साडी नेसवली. मला जाता आलं नाही. बाळाला त्या दिवशी पहिला दात दिसला.

प्रशांत अजून म्हणतो, योगायोग. कधी म्हणतो, तुला साळू हे नाव लहानपणी कुठूनतरी ऐकू आलं असेल, डोक्यात राहिलं असेल, आणि म्हातारा काहीतरी पुटपुटला ते तुला तसं ऐकू आलं. असेल. मी खरंच दमलेली होते. पण लिंडानंही त्याला बोलताना ऐकलं, आणि साळू हे नाव तर आजीलाही ठाऊक नव्हतं, मला लहानपणी कुठून ऐकू येणार? बरं, कठड्याखालचा तो माणूस माझाच बाप होता म्हणावं, तर पाण्यातल्या माणसाचे शब्द, जे कळले नाहीत, ते तेव्हाच्या तरुण वॉल्टरच्या डोक्यात इतकी वर्षं जसेच्या तसे राहतात? आणि नेमके त्या दिवशी, माझ्या तोंडून "जाते" गेल्यावरच बाहेर येतात? की तो पाण्यातला माणूस हाक मारत होता — थांबा, मी येतोय? मी पुष्कळ विचार केला. आता करत नाही. उत्तर नाही, एवढं उत्तर आहे.

दुसऱ्या नातवंडाच्या वेळी मी परत इथं आलेय. शेजारच्या घरात आता दुसरे लोक आहेत, त्यांचा कुत्रा माझ्यावर भुंकतो. वॉल्टर गेला, लिंडा बहिणीकडे दुसऱ्या स्टेटमध्ये.

पण मागच्या वेळी, एप्रिलमध्ये निघायच्या दिवशी मी त्याला भेटायला गेले होते. तो दिवस वाया घालवावा असं वाटेना, म्हणून मेथीची जुडी नेली. त्यानं काड्या ढिगात ठेवल्या, पानं खाली टाकली. मी दारात उभी राहून "येते हं" म्हटलं. मग परत म्हटलं, "येतंय." काहीतरी बोलेल म्हणून थांबले. त्यानं डावा हात जरा उचलला. एवढंच.

संध्याकाळी विमान नेवार्कहून सुटलं. मला खिडकी मिळाली होती. खाली सगळी घरं सारखीच, त्यात त्याचं कुठलं ते कळणं शक्य नव्हतं. पण त्यानं मान वर केली असणार, हे मला ठाऊक होतं. दिसेनासं होईपर्यंत खाली करणार नव्हता. मी काचेला कपाळ टेकलं आणि पुन्हा एकदा "येते" म्हटलं. कोणाला म्हटलं, ते मात्र मला सांगता येणार नाही.